हे म्हणायचे

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ह्यांना नगरपालिकेचं पत्र आलं. ह्यांना जाऊन तिसरं वर्ष चालू आहे, आणि पत्र म्हणतं, ‘अभिनंदन, आपली निवड झाली आहे.’ पोस्टमन दारातच घुटमळला. तो ह्यांना ओळखायचा. म्हणाला, ‘काकू, परत पाठवू का?’

मी म्हटलं, ‘आण इकडे. जन्मभर कशात नंबर लागला नाही माणसाचा, आता लागलाय तर बघू तरी कशात लागलाय.’

नगरपालिकेचा जुना छापखाना बंद पडून आहे. त्या जागेचं काय करायचं आणि आमच्या भागातल्या गरिबांसाठी आलेला निधी कसा वापरायचा, हे ह्या वेळी साहेब लोक ठरवणार नाहीत, रहिवासीच ठरवतील, असं पत्रात आहे. त्यासाठी सोडत काढून समिती केली. दर रविवारी सकाळी बैठक, छापखान्यातच.

ह्यांनी त्याच छापखान्यात पुस्तकं बांधली, शिकाऊ उमेदवार म्हणून लागले तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत. सोडत काढणाऱ्याला हे काय माहीत.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, ‘आई, बाबा नाहीत म्हणून कळवून टाक. उगीच गुंतू नकोस त्यांच्या भानगडीत.’ कळवायला तर हवंच. रविवारी समक्ष जाऊन सांगेन. तेवढ्या निमित्ताने छापखाना आतून बघता येईल. इतकी वर्षं डबा नेला, पण दारापर्यंतच.

रविवार, ९ फेब्रुवारी

कळवायला गेले आणि बसून आले.

यंत्रं गेली. भिंतीवर त्यांच्या जागा तेवढ्या उजळ राहिल्यात. टेबल मात्र आहे. हे त्याच्याबद्दल सांगायचे तेव्हा मला वाटायचं वाढवून सांगतात. पण खरंच ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आहे. आतच बांधलेलं, दारातून निघेना, म्हणून लिलावात कोणी घेतलं नाही. हात ठेवला तर मधोमध गुळगुळीत. कागद घडी घालून घालून झालेलं.

चावी भाऊजींकडे असते. भाऊजी म्हणजे ह्यांचे मित्र, छपाईचे खिळे जुळवायचे. मागच्या खोलीत राहतात, म्हणून नगरपालिकेने त्यांच्याकडे चावी दिलीय आणि चहाचं बघायला सांगितलंय. मला पाहून म्हणाले, ‘वहिनी, त्या खिडकीशी. तिथे बसायचा तो.’ आणि नेमकी तिथेच ह्यांच्या नावाची पाटी मांडलेली.

बैठक चालवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीपेक्षाही लहान असतील. चष्मा डोक्यावर आणि सगळीकडे चष्मा शोधत होत्या. मी सांगितलं तेव्हा पोरीचा चेहरा उतरला. ‘काकू, खूप चुकलं. संगणकाने जुनी नावं उचलली. आज तरी बसा. मी वर विचारते.’

बसले. प्रत्येकाने बोलायचं होतं. आधी समितीतला एक गॅरेजवाला बोलला. आवाज मोठा, स्वभावाने वाईट नाही. त्याचं म्हणणं वाहनतळ करा, भाडं येईल, त्यातून गरिबांना वाटा. मग माझी पाळी. सांगणार होते की मी चुकून आलेय. तोंडातून निघालं, ‘हे म्हणायचे, जागेचं काय करायचं ते मागून विचारा. जागा कोणाला कमी पडते ते आधी विचारा.’

मॅडमनी लिहून घेतलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

घरी येताना आठवत होते, हे असं कधी म्हणाले होते. नक्की आठवलं नाही. म्हणाले असणार.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

छापखाना बघून आल्यापासून जुनं वर येतंय.

मला शाळा मिळाली नाही. लग्नानंतर हे घरी फर्मे आणायचे. फर्मा म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदाची घडी, पुस्तकाचा एक तुकडा. ते शिवायचं काम मी खिडकीत बसून करायची. अक्षरं ह्यांनीच दाखवली, पुढे वाचायला मी आपली आपण शिकले. सुई ओवताना एक ओळ, गाठ मारताना दुसरी. कधी मधलाच फर्मा यायचा. माणूस एका पानावर रडत असायचा आणि का रडतोय ते माहीत नसायचं. मी अंदाज करायची. मला वाटतं, माणसांबद्दल अंदाज करायची सवय मला तिथूनच लागली.

हे कामावरून आले की हातपाय धुऊन विचारायचे, ‘मग, काय लिहिलंय त्यात?’ मी सांगायची. ते बोटांची वाळलेली खळ सोलत ऐकायचे. स्वतः वाचायला कधी बसले नाहीत, म्हणायचे डोळे थकतात. पुस्तकाचा शेवटचा फर्मा बहुतेक वेळा घरी यायचाच नाही, तो तिथेच शिवला जायचा. मग मी हळहळायची. दुसऱ्या दिवशी हे आठवणीने शेवट घेऊन यायचे. ‘भाऊजींनी वाचलाय,’ म्हणायचे, आणि सांगायचे.

त्या काळची पुस्तकं चांगली होती. किती संकटं आली तरी शेवटी सगळे आपापल्या घरी नीट पोहोचायचे. आता ग्रंथालयातून आणते त्यात तसं नसतं.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज बैठकीला कोणीही येऊन बोलावं असं ठेवलं होतं. शेजारच्या बटणवालीला मी ओढूनच नेलं. ती ठेकेदाराकडून शर्ट आणून घरी बटणं लावते, म्हणून सगळी गल्ली तिला बटणवाली म्हणते. नवऱ्याला कारखान्याने काढल्यापासून घर तिच्या सुईवर आहे.

मॅडमनी विचारलं, ‘मागच्या योजनेत लाभार्थींना शिलाई मशीन मिळाली होती. तुम्हाला मिळाली का?’

‘मिळाली की. त्यावर टीव्ही ठेवलाय.’

सगळे हसले. ती हसली नाही. ‘मॅडम, एक खोली आहे. मशीन उघडली तर नवऱ्याने पाय कुठे पसरायचे? आणि पोरं? धाकटीने एकदा बटण गिळलं, तेव्हापासून मी पलंगावर चढून बसते कामाला.’

गॅरेजवाला म्हणाला, ‘मग मशीन परत करायची.’

‘आणि टीव्ही तुमच्या डोक्यावर ठेवू का, दादा?’

तोही हसला. मग गल्लीच्या त्या टोकाची एक बाई उठली. तीही बटणंच लावते, ठेकेदारही तोच. बोलता बोलता बटणवालीने तिला विचारलं, ‘तुला काय भाव देतो गं?’ तिने सांगितलं. बटणवाली गप्प झाली. सुई टोचल्यावर ओरडण्याआधी माणूस क्षणभर गप्प होतं, तसं. इतकी वर्षं एका गल्लीत राहून दोघींना एकमेकींचा भाव माहीत नव्हता. प्रत्येकीला ठेकेदार सांगायचा, तुलाच जास्त देतोय, कोणाला बोलू नको.

मी म्हटलं, ‘हे म्हणायचे, ह्या टेबलाशी बसणाऱ्यांना वेगवेगळा भाव देता यायचा नाही. सगळे शेजारी शेजारी, एकाला कमी मिळालं की दुपारपर्यंत सगळ्यांना कळायचं.’ हे मात्र ह्यांनी खरंच सांगितलेलं आहे, मला पक्कं आठवतं.

मॅडम बराच वेळ टेबलाकडे बघत राहिल्या.

जाताना मी त्यांना आणखी एक सांगितलं. हे म्हणायचे, लाभार्थी म्हटलं की माणसाच्या हातात वस्तू देतात आणि तोंडावर बोट. त्यांनी तो शब्द खोडला आणि वर रहिवासी लिहिलं. लाल शाईने.

सोमवार, २४ फेब्रुवारी

कालची बैठक रद्द झाली, मॅडमना ताप. आज ग्रंथालयात गेले. तिथे एक जुनी कादंबरी सापडली, पाठीची शिवण माझी. गाठ मारून दोरा आत वळवायची माझी पद्धत वेगळी आहे, लगेच ओळखू आली. दोन भाऊ समुद्रावर जातात ती गोष्ट. तेव्हा शेवटचा फर्मा मला मिळाला नव्हता. ह्यांनी सांगितलं होतं, धाकटा भाऊ थोरल्याला शोधून आणतो आणि आई दोघांना जेवायला वाढते.

उभ्या उभ्या शेवट वाचला. ह्यात थोरला भाऊ सापडतच नाही. आई दोन ताटं मांडते आणि एक उचलून ठेवते.

आवृत्ती वेगळी असणार.

पण शिवण माझीच आहे.

रविवार, २ मार्च

आज आपापला प्रस्ताव मांडायचा होता. मी आत गेले तर दोघंतिघं एकदम, ‘या काकू, आज हे काय म्हणतात?’ चेष्टा होती, पण प्रेमाची. मीही म्हटलं, ‘हे म्हणतात चहा जरा गरम द्या.’ भाऊजी आतून म्हणाले, ‘त्याला गार लागायचा.’

मग सांगितलं. टेबल हलवू नका. वर दिवे लावा, खिडक्या दुरुस्त करा. घरी बसून बटणं लावणाऱ्या, पाकिटं चिकटवणाऱ्या, खोके वळणाऱ्या बायांनी इथे येऊन काम करायचं. पोरांसाठी कोपरा, त्यांच्याकडे बघायला एक बाई, तिला पगार निधीतून. ठेकेदाराने माल इथे आणायचा आणि भाव सगळ्यांसमोर सांगायचा. जागा कशी चालवायची ते तिथे बसणाऱ्यांनीच ठरवायचं. प्रत्येक वाक्याआधी मी हे म्हणायचे लावत होते. लावलं की वाक्य नीट उभं राहतं. नाहीतर आवाज कापतो.

पुष्कळांना पटलं, पण गॅरेजवाला चिडला. त्याच्या गल्लीत गाड्या उभ्या करायला जागा नाही, भांडणं होतात, एकदा डोकं फुटलंय. तेही खोटं नाही. तो म्हणाला, ‘काकू, तुमचं दुःख मला समजतं. पण दर वेळी हे म्हणायचे, हे म्हणायचे. ते आता काही म्हणत नाहीत. मेलेल्या माणसाचं मत मोजायचं असेल तर मीही माझ्या आजोबांना घेऊन येतो.’

कोणी हसलं नाही. तो लगेच म्हणाला, ‘चुकलं माझं.’ मी म्हटलं, ‘चुकलं काय त्यात.’

पण घरी आले ती कुलूप उघडता येईना. किल्ली उलटी धरली होती.

गुरुवार, ६ मार्च

मॅडम घरी आल्या. चहा घेतला, कपाटातली पुस्तकं बघितली, कुठून सुरुवात करावी ते त्यांना सुचत नव्हतं. मीच म्हटलं, ‘वरून उत्तर आलं वाटतं.’

आलंय. मयताचं मत नोंदवता येणार नाही. ह्यांच्या नावावर लिहिलेलं सगळं इतिवृत्तातून काढायचं. टेबल, दिवे, पोरांचा कोपरा, सगळं.

‘म्हणजे प्रस्ताव गेला?’

‘तुमच्या नावावर मांडला तर राहील. समितीची हरकत नाही, गॅरेजवाल्या दादांनीच सुचवलं की तुम्हाला घ्यावं. नाहीतर दुसऱ्या कोणाची सोडत काढावी लागेल. फक्त काकू, तुम्हाला स्वतःचं म्हणून बोलावं लागेल.’

मी म्हटलं, ‘माझं असं काही नाही हो त्यात. हे म्हणायचे ते मी सांगते.’

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या, मग पुस्तकांकडे. म्हणाल्या, ‘काकांना वाचनाची खूप आवड होती का?’

‘छे. ते एक ओळ वाचायचे नाहीत.’



बटणवालीला हे सांगायला हवं होतं. दारापर्यंत गेले आणि परत आले. ती पलंगावर बसून बटणं लावत होती, दिव्याखाली मान वाकवून. त्या रविवारपासून ठेकेदाराने तिचं काम कमी केलंय, म्हणाला फार बोलायला लागलीस. आता मी माघार घेतली तर ती अर्ध्यावर लटकणार. पण ह्यांचं बोलणं माझ्या नावावर कसं लावू? आधीच काय उरलंय त्यांचं? चष्मा, कात्री आणि चार वाक्यं.

रविवार, ९ मार्च

बैठकीला गेले नाही. डोकं दुखतं असं कळवलं.

दुपारी भाऊजी आले. काठी दाराशी टेकवली, ह्यांच्या खुर्चीवर न बसता स्टुलावर बसले. म्हणाले, ‘वहिनी, एक विचारू? रागावणार नसाल तर.’

‘विचारा.’

‘हे म्हणायचे, हे म्हणायचे. कधी म्हणायचा तो?’

‘म्हणजे?’

‘अहो, आमच्यात सगळ्यांत कमी बोलणारा तो. आणि बोललाच, तर सुरुवात ठरलेली. ही म्हणते.’

मला कळलंच नाही. ते पुढे बोलत होते, ‘पगारवाढीचं चाललं होतं, सगळे तावातावाने भांडत होते. हा खळ ढवळता ढवळता म्हणाला, ही म्हणते, एकेकट्याने साहेबाकडे जाऊ नका, सगळे मिळून जा. गेलो. मिळाली वाढ. माझा थोरला शाळा सोडायला निघाला होता, तेव्हाही हा मला म्हणाला, ही म्हणते, त्याला ओरडू नको, त्याला काय वाचायला आवडतं ते विचार. तुम्ही दाराशी डबा द्यायला यायचात ना, तेव्हा आत पोरं म्हणायची, ही म्हणते आली. तुमचं नावच पडलं होतं ते.’

मी गॅस बंद करायला म्हणून उठले. गॅस बंदच होता.

आतूनच म्हटलं, ‘पण मी त्यांना काय सांगायची? मी तर फर्म्यातलं सांगायची. नाहीतर मनात आलेलं.’

‘तेच तो सांगायचा.’

बाहेर येऊन मी विचारलं, ‘आणि पुस्तकांचे शेवट? ते तुम्ही वाचून सांगायचात ना त्यांना?’

भाऊजींनी कान खाजवला. ‘शेवट? हां, सांगायचो ना. कधी कधी.’ आणि म्हणाले, अजून अर्धा कप चहा असेल तर बघा. भाऊजींचं हल्ली आठवणीचं कमीच झालंय.

ते गेल्यावर खिडकीत बसून राहिले. पंचेचाळीस वर्षं मी ह्यांचं म्हणून ऐकत आले. आणि हे तिकडे माझं म्हणून सांगत होते. कोणाचं कोणतं, आता निवडता येणार नाही. एका दोऱ्याने शिवलेलं आहे.

रविवार, १६ मार्च

लवकर गेले. मॅडमनी नवी पाटी केली होती, माझ्या नावाची. अक्षर चांगलं आहे, पुठ्ठा हलका. जुनी पाटी मी मागून घेतली.

बटणवाली मागे भिंतीशी उभी होती, धाकटीला कडेवर घेऊन. तिच्या शेजारी ती गल्लीच्या टोकाची. दोघींनी मिळून ठेकेदाराला परवा विचारलं म्हणे. उत्तर मिळालं नाही, पण त्याने मान खाली घातली, असं सांगत होती.

माझं नाव पुकारलं. उभी राहिले. सवयीने तोंडात तेच आलं, ‘हे…’ आणि थांबले. सगळे थांबले. गॅरेजवाला आपल्या हातांकडे बघत होता. भाऊजी दारात ट्रे घेऊन उभे, कप किणकिणत होते.

मी म्हटलं, ‘मी म्हणते.’

पुढचं आपोआप आलं. आवाज कापला, कापू दिला. टेबल, दिवे, पोरांचा कोपरा, भाव सगळ्यांसमोर. आणि एक नवीन सांगितलं, आदल्या दिवशी सुचलेलं, ते तर ह्यांनी कधी ऐकलेलंही नाही: मागचं अंगण गाड्यांना द्या, कामावरून माणसं आली की गाड्या लावायच्या, सकाळी काढायच्या. दिवसा तिथे पोरं खेळतील.

हात वर करून मतं घ्यायची होती. हात वर गेले, पण बहुमताला एक कमी पडत होता. सगळे गॅरेजवाल्याकडे बघायला लागले. तो मान खाली घालून म्हणाला, ‘घरी विचारलं मी. ही म्हणते, ती पण येईल इथे पाकिटं करायला. ही म्हणते, अंगण मिळत असेल तर भांडू नका.’ आणि हात वर केला.

भाऊजींच्या हातातला ट्रे असा हलला की अर्धा चहा सांडला. हसत होते ते, डोळे पुसत. बाकीच्यांना कळेना काय झालं. मी तिकडे बघितलंच नाही, नाहीतर माझंही काही खरं नव्हतं.

झालं. मंजूर झालं. वरून अजून शिक्का यायचाय. मॅडम म्हणाल्या तो येईल, मी म्हटलं नाही आला तर सगळे मिळून जाऊ.

संध्याकाळ

हातपाय धुऊन बसले. निर्णयाचा कागद मॅडमनी प्रत्येकाला दिला आहे. मोठ्याने वाचला, सावकाश, जसं सांगायची तसं. ग्रंथालयातून आणलेल्या समुद्रावरच्या भावांच्या पुस्तकात ह्यांच्या नावाची पाटी खुणेला ठेवली आहे, शेवटच्या फर्म्याच्या अलीकडे. तिथपर्यंतच बरं आहे ते.

आजचं मात्र शेवटापर्यंत लिहिते. बैठक संपल्यावर भाऊजींनी कुलूप लावलं. गॅरेजवाल्याने मॅडमना बसथांब्यावर सोडलं. बटणवालीची धाकटी माझ्या खांद्यावर झोपली, तिला तिच्या दारापर्यंत मीच नेलं. सगळे आपापल्या घरी नीट पोहोचले.